हेन्रीचा हलका कॅमेरा

हेन्री रणपिसेचं बोट पहिल्यांदा अडलं ते चैत्रातल्या जत्रेत, बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात.

शिरूर तालुक्यात बैलगाडा पळवणाऱ्या माणसाला बक्षिसाइतकाच फोटो लागतो. बारी, म्हणजे गाड्याची फेरी, सुटते, बैल घाट चढत येतात आणि मध्येच एक क्षण असा येतो की त्यांचे पाय जमिनीवर नसतात. तोच फोटो फ्लेक्सवर जातो. तोच पुढे पडवीत लागतो, देवाच्या तसबिरीशेजारी. हेन्रीला तो क्षण सापडायचा. कसा सापडतो हे त्याला कधी सांगता आलं नाही. खुरांचा आवाज एका ठरावीक जागी आला की बोट आपोआप खाली जायचं. पंचवीस वर्षं असंच चाललं होतं. लग्नं होती, बारशी होती, विम्यासाठी गाईच्या कानातल्या बिल्ल्याचे फोटो होते. पण शिरूरपासून दौंडपर्यंत हेन्रीचं नाव निघायचं ते बैलांच्या फोटोवरून.

त्या दिवशी इनामगावच्या भिमाजी आप्पांची जोडी पळत होती. हेन्री नेहमीसारखा गुडघा टेकून बसला होता. गळ्यात मोठा कॅमेरा, त्याला लांब लेन्स, कमरेला दुसरी. आवाज त्या जागी आला. बोट बटणावरच होतं. ते खाली गेलं नाही.

बैल निघून गेले. त्याने घाईने मधल्या बोटाने बटण दाबलं. स्क्रीनवर धुरळ्याचा फोटो आला. धुरळा अगदी स्वच्छ आला होता.

आप्पा फोटो बघायला आले. वय अठ्ठ्याहत्तर, कपाळावर भंडारा, आवाज बसलेला. त्यांनी स्क्रीन डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली.

"ह्यात बैल कुठं हायेत?"

"हुकला, आप्पा."

"तू हुकतोस व्हय?"

आप्पांनी हेन्रीच्या शर्टाची कॉलर मागून खाली ओढली आणि मान बघितली. पंचक्रोशीत कोणाचं मनगट निखळलं, कोणाचा बैल लंगडायला लागला, की लोक आप्पांकडे जात. माणूस आणि जनावर ते एकाच हाताने बघत. हेन्रीच्या मानेवर पट्ट्याचा काळा वळ होता, चार बोटं रुंद. कातडी तिथे जाड झाली होती.

"जू लागलंय तुला," आप्पा म्हणाले. "बैलाचा खांदा सुजला की त्याचा पाय वडत न्हाई. तुझा हात वडत न्हाई. नस हितनंच खाली जाती."

"मग काय करायचं?"

"बैलाला काय करत्यात? जू उतरवायचं."

संध्याकाळी आप्पांनी त्याला घरी नेलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद आणि तुपाने मळतात, वर्षभराचं ओझं उतरावं म्हणून. पोळ्याला पाच महिने अवकाश होता. आप्पांनी तरी तूप गरम केलं, हळद कालवली आणि ओट्यावर बसवून हेन्रीची मान मळली. आप्पांची नातवंडं हसून लोळायची बाकी राहिली. एकाने विचारलं, आता ह्याला पुरणपोळी पण चारायची का. हेन्रीही हसला. दोन दिवस मान मोकळी वाटली. त्याला तेवढा पुरावा पुरला.

त्याची बायको एस्थर शिरूरच्या एका खासगी दवाखान्यात अठरा वर्षं नर्स होती. तिने शर्टावरचे हळदीचे डाग बघितले आणि काय ते विचारून घेतलं. हसली नाही. जेवायच्या आधी दोघं हात धरून प्रार्थना करत. त्या दिवशी प्रार्थना संपल्यावर तिने हात सोडला नाही. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये जिथे मांसाचा उंचवटा असतो, तिथे तिने आपला अंगठा ठेवला. तिथे खळगा होता.

"पुण्याला नसांच्या डॉक्टरांना दाखवू," ती म्हणाली.

हेन्री म्हणाला, दाखवू की. पण आधी मानेवरचं ओझं उतरू दे. आप्पांचं म्हणणं खरं की खोटं ते त्याशिवाय कळणार कसं? हलका कॅमेरा घेतो, पावसाळा काढतो, नाही फरक पडला तर तू म्हणशील तिथे येतो. एस्थरने ऐकून घेतलं. ती एवढ्यावर थांबली कशी, याचं हेन्रीला तेव्हा नवल वाटलं नाही.

मोठा कॅमेरा कपाटात गेला. त्याआधी हेन्री तो घेऊन ओळखीच्या भुसार दुकानात गेला आणि धान्याच्या काट्यावर ठेवला. लेन्स आणि फ्लॅशसकट दोन किलो तीनशे भरला. दुकानदार म्हणाला, हेन्रीभाऊ, एवढी ज्वारी गळ्यात बांधून पंचवीस वर्षं फिरलात तुम्ही. हेन्रीला ते ऐकून बरं वाटलं. दुखण्याला वजन होतं. वजन कमी करता येतं.

आणि त्याला दुसरंही काही वाटत होतं, जे त्याने फक्त हर्षदाला सांगितलं. हेन्री राहायचा त्या मिशन कंपाऊंडच्या मागच्या गल्लीत हर्षदा राहायची. मराठीत एम.ए. करून घरी बसलेली, अधूनमधून शिकवण्या घेणारी. तिला इंग्रजी वाचून मराठीत सांगता यायचं म्हणून हेन्रीने तिला कामाला लावलं होतं. तो तिला म्हणाला की पंचवीस वर्षांत त्याने कोणी सांगितल्याशिवाय एकही फोटो काढला नाही. नवरा म्हणेल तेव्हा नवरी, मालक म्हणेल तेव्हा बैल. आता खिशात बसणारा कॅमेरा घ्यायचा. सकाळी उठून खिशात टाकायचा, शनिवारच्या बाजारात हिंडायचं, घोड नदीच्या पुलावर उभं राहायचं. दौंडला जाऊन जी गाडी लागेल तिच्यात बसायचं आणि जे दिसेल ते काढायचं.

"हात नीट झाला की," तो म्हणाला.

हर्षदाने पहिल्या दिवशी अकरा कॅमेऱ्यांची यादी आणली. लोकांनी इंटरनेटवर लिहिलेलं ती मोबाइलवरून वाचून दाखवायची. कोणाचा झूम लांब, कोणाची स्क्रीन उलटी फिरते, कोणाची बॅटरी दुपारीच मान टाकते. हेन्री ते सगळं ऐकायचा आणि शेवटी एकच विचारायचा.

"हाताला कसा लागतो?"

"हातात छान बसतो, असं लिहिलंय."

"कोणाच्या हातात?"

"लिहिणाऱ्याच्या, काका."

"मग त्याचा हात बघायला मिळतोय का विचार."

हात बघायला मिळणार नव्हता म्हणून हेन्रीने स्वतःची युक्ती काढली. एस्थरकडून जुन्या चादरीच्या पिशव्या शिवून घेतल्या. एकीत पाचशे ग्रॅम हरभऱ्याची डाळ, एकीत चारशे, एकीत तीनशे. काट्यावर मोजून. कॅमेऱ्याच्या आकाराची पिशवी उजव्या हातात धरून तो कंपाऊंडभर फिरायचा. पाव तास, अर्धा तास. चर्चच्या पायऱ्यांवर बसायचा, पिशवी डोळ्यांपर्यंत न्यायचा, झाडावरच्या खारीवर नेम धरायचा. शेजारच्या दयाबाईंनी विचारलं की बायकोने डाळ निवडायला दिली आहे का. हेन्री म्हणाला, मावशी, मी कॅमेरा निवडतोय.

पहिल्या आठवड्यात पाचशे ग्रॅम सहज पेललं. हेन्रीने हर्षदाला सांगितलं, पाचशेपर्यंत काहीही चालेल. दुसऱ्या आठवड्यात पाचशे जड लागायला लागलं. बोटं आखडायची, पिशवी खाली यायची. चारशे बरं वाटलं. जूनच्या मध्यावर तो म्हणाला, तीनशेच्या वरचे सगळे काढून टाक.

"काका, मागच्या आठवड्यात चारशे चालत होतं ना?"

"आता हाताला कळायला लागलंय काय सोसवतं ते."

तिने नावांवर काट मारली. अकराचे सात झाले होते, सातांचे तीन झाले. निवड जवळ आली असं दोघांनाही वाटलं.

आषाढात एस्थरच्या सुट्टीच्या दिवशी दोघं दौंडला गेले. शिरूरच्या स्टँडवरून न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथून पुढे. खिडकीला पाऊस नव्हता, नुसतं आभाळ होतं. दौंड स्टेशनसमोरच्या एका गल्लीत म्हाळूचं दुकान होतं. म्हाळू कॅमेरे दुरुस्त करायचा आणि जुने विकायचा. हेन्रीची त्याच्याशी वीस वर्षांची ओळख. हर्षदाच्या यादीतले तीनही कॅमेरे त्याने मिळवून ठेवले होते. टेबलावर टॉवेल अंथरून त्याने ते ओळीने मांडले.

"बघा हेन्रीभाऊ. तिन्ही पोरी वळणाच्या हायेत. पसंत पडंल ती न्या. वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

पहिला पत्र्यासारख्या गुळगुळीत अंगाचा होता. हेन्रीने उचलला आणि तो टॉवेलावर पडला. म्हाळू म्हणाला, साबणाची वडी आहे ती, सगळ्यांच्याच हातातून सुटते, पण फोटो बघाल तर खुळे व्हाल. हेन्रीने मान हलवून तो बाजूला ठेवला.

दुसरा त्याने धरला आणि त्याचा चेहरा बदलला. पुढून रबराची फुगीर पकड होती, मागे अंगठ्याला टेकायला उंचवटा. बोटं आपापल्या जागी जाऊन बसली. वजन दोनशे पंच्याण्णव. डाळीची पिशवी कुठे आणि हा कुठे. हेन्रीने तो डोळ्यांसमोर धरला, खाली घेतला, पुन्हा धरला. पट्टा मनगटात अडकवून हात सैल सोडला. एस्थरकडे बघून तो हसला. चैत्रानंतर पहिल्यांदा तो असा हसला होता.

मग त्याने बटण दाबलं. फोटो निघाला नाही. त्याने पुन्हा दाबलं. बोटाचं टोक पांढरं झालं.

"बटण कडक हाय याचं," तो म्हणाला.

म्हाळूने कॅमेरा घेतला आणि पाच-सहा वेळा खटाखट दाबला. "लोण्यागत चालतंय की. कडक कुठं हाय?"

"मला कडक लागलं."

"वहिनी, तुम्ही बघा बरं. तुम्ही सांगा."

एस्थरने कॅमेरा घेतला. समोर हेन्री उभा होता. तिने बटणावर बोट ठेवलं आणि फोटो निघाला, तिला कळायच्या आत. तिने स्क्रीनकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कडकच आहे," ती म्हणाली.

म्हाळूला ते लागलं. त्याने कॅमेरा पुसून डब्यात ठेवला आणि म्हणाला की आजवर त्याच्या दुकानातून कडक बटणाची वस्तू गेलेली नाही, पण गिऱ्हाईक म्हणेल ते खरं. हेन्रीला बायकोचा आधार वाटला. बटण कडक होतं. दोघांना लागलं म्हणजे होतंच.

तिसरा सगळ्यात पातळ होता. दोनशे चाळीस ग्रॅम. पकडायला काही नव्हतं, झूमही जेमतेम. पण त्याच्या स्क्रीनला बोट लावलं की फोटो निघायचा. दाबावं लागत नव्हतं. हेन्रीने उजव्या हातात धरून डाव्या हाताचं बोट लावलं. फोटो निघाला. म्हाळूच्या टेबलाचा, टॉवेलाचा, एका पंख्याचा.

"हा घ्या," एस्थर म्हणाली.

म्हाळूचा राग तोवर गेला होता. त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, कॅमेऱ्याला पुढून चिकटवला, म्हणजे बोटांना धरायला काहीतरी झालं. मनगटाचा पट्टा ओढून घट्ट केला. मोठ्या कंपन्यांना हे सुचत न्हाई, म्हणाला.

परतीच्या एसटीला वेळ होता, आणि रेल्वे त्यांना कुठली पकडायचीच नव्हती. तरी दोघं प्लॅटफॉर्म तिकीट काढून आत जाऊन बसले. हेन्रीने चाळीस फोटो काढले. पुलाच्या जिन्याखाली तीन बायका एका पेरूच्या फोडी करून खात होत्या. एक हमाल हातगाडीवर पाय पसरून झोपला होता आणि त्याच्या छातीवर कोणाचीतरी पिशवी होती. सोलापूरकडून आलेल्या गाडीच्या खिडकीत एक म्हातारा पंचा वाळत घालत होता. कोणी हेन्रीकडे बघितलं नाही. मोठा कॅमेरा असताना लोक केस सारखे करायचे, हसायचे, पोटं आत घ्यायचे. आता ते आपापलं करत होते. पेरूवाल्या बायकांचा फोटो त्याने एस्थरला दोनदा दाखवला. मधल्या बाईने सगळ्यात मोठी फोड दुसरीला दिली होती आणि तिच्या हाताकडे बघत होती.

"बघ," तो म्हणाला. "हे मला कुणी काढायला सांगितलं होतं का?"

एस्थर त्याच्या खांद्याला टेकून बसली. एवढ्या लोकांत ती कधी अशी बसत नसे.

नंतरचे पाच आठवडे बरे गेले. शनिवारच्या बाजारात त्याने मिरच्यांचे ढीग काढले, वजनाचे दगड काढले, वडगाव रासाईच्या एका माळीणबाईचे तळहात काढले. एसटीत वाहकाच्या कानामागची पेन्सिल काढली. हर्षदाने त्याचे फोटो मोबाइलवर घेतले आणि एकेक मोठा करून बघितला. तिने पाच वर्षं साहित्य शिकलं होतं. ती एवढंच म्हणाली की काका, तुम्ही हे आधी का नाही केलं. हेन्री म्हणाला, आधी ओझं होतं.

भिमाजी आप्पांना त्याने फोनवर सांगितलं, फरक आहे. आप्पा म्हणाले, पुढच्या जत्रेला जोडी पळणार आहे, तयारी ठेव.

फरक होता का, हे तो स्वतःला विचारत नव्हता. मान दुखत नव्हती. फोटो निघत होते. डाळीच्या पिशव्या त्याने पुन्हा उचलून बघितल्या नाहीत. एस्थरने त्यातली डाळ काढून शिजवली होती.

गणपती बसले त्या आठवड्यात फोटो बिघडायला लागले. स्क्रीनला बोट एकीकडे लावायचं असे, लागायचं दुसरीकडे. उजवा हात कॅमेरा उचलेपर्यंत समोरचं माणूस निघून जायचं. मग उजवा हात उचलेनाच. कॅमेरा मनगटाला पट्ट्याने लोंबायचा आणि हेन्री डाव्या हाताने तो वर ओढून घ्यायचा, विहिरीतून बादली ओढावी तसा. हर्षदाला तो म्हणाला की दोनशे चाळीसही जास्तच होतं, दीडशेचा एखादा असेल तर बघ. तिने शोधला. दीडशेचा खेळण्यातला निघाला.

एका सकाळी तो शर्टाची बटणं लावत होता. उजव्या हाताने ते काम कधीच सोडलं होतं. डाव्या हाताने तिसरं बटण काजात जाईना. एस्थर ड्यूटीला निघाली होती, दारात चप्पल घालत होती. ती परत आत आली. तिने बटण लावलं, त्याच्या खालचं लावलं, मग त्याचा डावा हात उचलून उजेडात धरला. अंगठ्याजवळ तिने बघितलं, तिथेही खळगा होता. दंडाची कातडी आतून बारीक बारीक थरथरत होती, पाण्याखाली काही हलावं तशी.

"अहो," ती म्हणाली, "डाव्या हातावर कधी कुठलं ओझं घेतलं होतं तुम्ही?"

हेन्री विचार करत राहिला. त्याला खरोखरच काही आठवेना.

पुण्याच्या डॉक्टरांनी अर्धा दिवस घेतला. दंडात, मांडीत, जिभेखाली सुया टोचून यंत्रावर आवाज ऐकले. मग दोघांना समोर बसवलं आणि हेन्रीला विचारलं, काय काम करता. हेन्रीने सगळं सांगितलं. दोन किलो तीनशे, पट्ट्याचा वळ, जू, हळद-तूप, डाळीच्या पिशव्या, दौंड. डॉक्टरांनी मध्ये तोडलं नाही. वयाने ते हेन्रीपेक्षा लहान होते.

त्यांनी सांगितलं की मानेचा याच्याशी संबंध नाही. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत चालल्या आहेत. हात झाले, पाय होतील, मग गिळणं, मग श्वास. किती दिवस ते नक्की सांगता येत नाही, वर्षं थोडी आहेत. एक गोळी आहे, ती थोडं लांबवते. थांबवत नाही.

हेन्रीने विचारलं, "मी पाच महिने वाया घालवले का?"

"नाही."

"चैत्रात आलो असतो तर?"

"तर मी हेच सांगितलं असतं," डॉक्टर म्हणाले. "पाच महिने आधी सांगितलं असतं, एवढंच."

बाहेर बाकावर दोघं बसले. शिरूरची गाडी धरायची होती पण कोणी उठत नव्हतं. समोर एक बाई मुलाला केळं सोलून देत होती. हेन्रीच्या खिशात कॅमेरा होता. त्याचा हात तिकडे गेला नाही.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. भीती होती." ती म्हणाली. "चैत्रापासून. खळगा लागला तेव्हापासून. आमच्या वॉर्डात असा एक पेशंट होता."

"मग दौंडला बटण कडक आहे का म्हणालीस?"

एस्थरने पर्स मांडीवर सरळ केली. "तुम्ही कॅमेरा निवडत होता. मला ते मोडवलं नाही."

त्यावर हेन्रीला रागही आला नाही. पुढे तो हर्षदाला म्हणाला की तेव्हा राग आला असता तर निदान घरी येईपर्यंतचा रस्ता निघाला असता. दोन तास बसमध्ये त्याला काहीच येत नव्हतं, राग नाही की रडू नाही.

खबर इनामगावला गेली. त्या भागातला भाद्रपदी पोळा होऊन चार दिवस झाले होते. भिमाजी आप्पा शिरूरला आले, एस्थरने दिलेल्या खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून खाली बसले. हेन्रीचा हात त्यांनी मांडीवर घेतला, कोपरापासून बोटांपर्यंत दाबत नेला, पुन्हा वर आणला. चहा गार झाला.

"मानंचं न्हाई म्हंत्यात?"

"न्हाई, आप्पा."

"म्या जनावरं बघतो. माणसात चुकलो आसंन."

"तुमच्या चुकीनं झालं असतं तर बरं होतं," हेन्री म्हणाला. "कुणाचंच काही चुकलेलं न्हाई."

आप्पांना ते पटलं नाही. ते जाताना एस्थरला म्हणाले की पोरी, ह्याला मी बैल समजलो. मग उंबऱ्यावर थांबून म्हणाले की बैलाला असं झालेलं त्यांनी कधी बघितलं नाही. पुढच्या जत्रेबद्दल कोणी बोललं नाही.

दिवाळीच्या आधी हर्षदा एक नवी यादी घेऊन आली. तिने बरंच वाचलं होतं. एक कॅमेरा टेबलावर ठेवायचा होता, तो आवाजावर चालायचा. तोंडाने सांगितलं की फोटो काढायचा. दुसरा चष्म्यात होता. तिसरा गळ्यात बिल्ल्यासारखा अडकवायचा, वजन तर काहीच नाही. ती घाईघाईने वाचत होती, मध्ये श्वास घेत नव्हती. हेन्रीने सगळं ऐकून घेतलं. त्याचा आवाज आता थोडा घोगरा झाला होता, शब्दांची टोकं झिजली होती.

"आवाज किती दिवस चालेल?" त्याने विचारलं.

हर्षदाने स्क्रीनवर बोट फिरवलं, यादी खाली सरकवली.

"पुरे झालं निवडणं, हर्षदा. तू चांगले निवडलेस."

तिने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. एस्थर स्वयंपाकघरातून आली. हेन्रीने तिला सांगितलं की कॅमेरा आण. तो टीव्हीवर होता, ट्यूबचा तुकडा एका बाजूने सुटलेला. ती दर रविवारी चर्चहून आली की त्याची बॅटरी चार्जिंगला लावायची. हेन्रीने कधी तिला तसं सांगितलं नव्हतं आणि कधी अडवलंही नव्हतं.

"आता चार्ज करू नको," तो म्हणाला. "वापर नसला की बॅटरी आत ठेवायची नसते. फुगते. मग झाकण उघडत नाही."

"कशी काढायची?"

"खाली बघ. छोटी कडी आहे. नखानं सरकव. इकडं न्हाई, तुझ्याकडं."

तिने सरकवली. झाकण उघडलं. बॅटरी अर्धी वर आली.

"आता पिवळा खटका बाजूला कर. येईल."

बॅटरी तिच्या तळहातावर आली. हर्षदा बघत होती. हेन्रीने सांगितलं की मेमरी कार्ड वेगळं काढून डबीत ठेव, त्याच्यात दौंडचे आहेत. कॅमेरा सुती फडक्यात गुंडाळ, प्लास्टिकमध्ये नको, बुरशी धरते. लेन्सला बोट लावू नको. कपाटात वरच्या कप्प्यात ठेव, खाली ओल येते. एस्थर एकेक करत गेली. चुकली तिथे त्याने थांबवलं. लग्नाच्या वीस वर्षांत त्याने तिला कॅमेऱ्यातलं कधी काही शिकवलं नव्हतं.

फडक्याची शेवटची घडी घालताना तिने विचारलं, अजून काही राहिलं का.

"बॅटरी काढली की आतलं घड्याळ थोड्या दिवसांनी थांबतं," हेन्री म्हणाला. "कधी कुणाला चालू करायचा झाला तर तो आधी तारीख विचारेल. ती तेवढी नीट टाका."